ओट्यावरचा फोटो

किल्ल्याजवळ राहता म्हणजे तुमच्याकडे भुतं दिसत असतील ना, असं मला आजवर निदान शंभर पाहुण्यांनी विचारलं असेल. मी सांगते, दिसतात की! सकाळी दहाला उठतात आणि वर विचारतात, नाश्ता संपला का? यावर पाहुणे हसतात आणि विषय मिटतो. खरं सांगायचं तर या घरात मला ज्या एका गोष्टीची भीती वाटते ती भर दुपारी येते, महिन्यातून दोनदा, आणि तिला मीच बोलावलेलं आहे. पण ते पुढे.

आमचं घर वसईत, होळी बाजाराकडून किल्ल्याकडे जाताना वाडीच्या आत. पुढे केळी, मागे विहीर, बाजूला बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं तळं. मुली लग्न होऊन गेल्या, वरच्या खोल्या रिकाम्या पडल्या, विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं तसा वाडीतला जीव गेला. तेव्हा माझे मिस्टर इनास म्हणाले, "खोल्या पाहुण्यांना देऊ." मी म्हटलं, देऊ, पण लॉज नको. फक्त मुलाबाळांची माणसं. झाली त्याला वीसेक वर्षं. घराचं नाव लिहीत नाही, दिवाळी अंकात फुकट जाहिरात केल्यासारखं होईल.

मुलांना चालणारी जागा म्हणजे काय, हे लोकांना वाटतं तितकं सोपं नसतं. भिंतीवर ससे रंगवले की झालं असं नाही. विहिरीवर जाळी, बावखलाला कुंपण, जिन्याला खालून-वरून फाटक. आंघोळीचं पाणी आधी माझ्या कोपराला लावून बघायचं, मग बादली न्यायची. सात वाजता मुलांचा वरणभात तयार पाहिजे, कारण भुकेलं पोर साडेसातला रडायला लागतं आणि आठला त्याचे आईबाप भांडायला लागतात. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. घरातली अर्धी भांडणं भुकेची आणि झोपेची असतात, असं माझं मत होतं. उरलेली अर्धी कशाची असतात याचा मी फार विचार केला नव्हता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. देशावरचे एक गृहस्थ सकाळी सहकुटुंब किल्ला बघायला गेले आणि तासाभरात तणतणत परत आले. "अहो मावशी, सगळा पडलाय तो! चर्चला छप्पर नाही, भिंतींतून झाडं आलीत. आधी सांगायचं नाही का?" मी म्हटलं, "दादा, पडून पिढ्या गेल्या, मला वाटलं बातमी पोचली असेल." तर म्हणतात कसे, दुरुस्ती झाली की फोन करा, पुन्हा येतो. दुसऱ्या एक आजी कराडकडच्या. ज्या घरात मासळी शिजते तिथलं पाणीसुद्धा नको म्हणाल्या. त्यांच्यासाठी नवी पातेली आणली, अंगणात वेगळी चूल मांडली. तिसऱ्या दिवशी त्याच आजी हिराबायला विचारत होत्या की बोंबील एवढा मऊ कसा. हिराबाय म्हणजे पाचूबंदरची कोळीण, रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या मागच्या दारी येते. तोंडाची फटकळ, मनाची सरळ.

त्या कराडच्या आजींबरोबरच मनीषा पहिल्यांदा आमच्याकडे आली. आजींची सून. नवरा प्रशांत मुंबईत नोकरीला, विरारला फ्लॅट, मुलगी अन्वी तेव्हा मांडीवर. पुढे चार वर्षं ही मंडळी दर हिवाळ्यात दोन दिवस यायची. प्रशांत बोलायला गोड, हातचं काम घेणारा. जेवण झालं की स्वतःचं ताट विसळणारा पुरुष पाहुणा मी वीस वर्षांत दोनदाच पाहिला, त्यातला हा एक. मी इतर बायकांना त्याचं उदाहरण देत असे.

आता आमच्या फोटोचं सांगते. पाहुणे निघाले की त्यांना पुढच्या ओट्यावर उभं करायचं, मी समोर अंगणात फोन घेऊन उभी राहायची आणि ओरडायची, "हसा!" कुणी हसेना तर मी असं काही तोंड करायची की पोरं खिदळायची आणि पोरांना बघून आईबाप. मग तो फोटो जुन्या पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, खाली दोन ओळी लिहून. दोनशेच्या वर माणसं आहेत त्यात. मला त्या दोन ओळी लिहायची भारी हौस. इनास म्हणायचे, "हिला घर चालवायचं नाही, वर्तमानपत्र काढायचंय."

अडीच वर्षांपूर्वी, शाळा नुकत्या सुरू झालेल्या, भर आठवड्यात मनीषा रिक्षातून उतरली. बरोबर अन्वी, सात वर्षांची, शाळेच्या गणवेशात. एक पिशवी. मी म्हटलं, "अगं, न कळवता? आणि प्रशांत?"

"त्यांना सुट्टी नाही. मावशी, चारपाच दिवस राहू का? आणि मी इथे आहे हे कुणाला सांगू नका. जरा शांत राहायचंय."

आमच्या धंद्यात एकट्या माणसाला खोली देताना दहा प्रश्न विचारतात. पण बाई आणि मूल म्हणजे घरच झालं. मी विहिरीकडची खोली उघडून दिली. ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालून होती आणि उजव्या हाताची दोन बोटं रुमालात गुंडाळलेली. मी विचारलं तर म्हणाली, दारात अडकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाय मासे निवडत होती, मनीषा तिच्या पुढ्यात पाणी ओतत होती. बाही वर सरकली. हिराबायने बघितलं आणि मासे निवडत राहिली. मनीषा आत गेल्यावर मला म्हणाली, "ही पोरगी पलून आलीय. तिचा हात बघ."

"दारात अडकलाय," मी म्हटलं.

"दाराला पाच बोटं असतात काय गो?"

मी तिला गप्प केलं. पण मीही पाहिलं होतं. दंडापासून मनगटापर्यंत काय होतं ते मलाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी खूप दिवस स्वतःला सांगितलं, इथे तरी खोटं लिहीत नाही.

त्याच दुपारी अन्वीने परसातली एक पपई उचलली, तिच्या तोंडाच्या दुप्पट. ती पपईआडून बघत हसत होती. इतकं गोड ध्यान, मला राहवलंच नाही. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आमची छोटी पाहुणी आणि तिची मोठी पपई." मनीषाला दिलेला शब्द मी मोडला असं तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी कुणालाही सांगितलं नव्हतं ना! दोनशे माणसांना दाखवलं फक्त. त्या दोनशेत प्रशांत होता.

संध्याकाळी तो आला. हातात पेढ्यांचा पुडा. गाडीतून उतरला तो सरळ माझ्या पाया पडला आणि रडायला लागला. "मावशी, चुकलो. रागाच्या भरात बोलून गेलो. ती घर सोडून गेली, मी दोन दिवस जेवलो नाही."

मनीषा खोलीच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की ते मी आता रोज बघते. तेव्हा मात्र मला वाटलं, बाई रुसलीय.

इथे माझ्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी वर्ग असतो. तिथे मी दहा वर्षं शिकवलंय. एकमेकांना कसं ऐकून घ्यावं, राग आला तर किती वेळ गप्प बसावं, देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. माझ्या हातून गेलेली जोडपी रस्त्यात भेटली की थांबून बोलतात. मला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात बसला. सात वाजता आम्ही माळेची, म्हणजे रोझरीची, प्रार्थना करतो. प्रशांत हिंदू असून आमच्या मागे हात जोडून बसला, शेवटपर्यंत, डोळे मिटून. मी पाघळले. जेवणं झाल्यावर मी दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि वर्गातलं सगळं त्यांना ऐकवलं. प्रशांत मान हलवत होता. मनीषा टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडत होती.

मग ती हळूच म्हणाली, "मावशी, मला दोन दिवस इथेच राहू द्या. मग मी माझं बघते."

"माझं बघते म्हणजे काय? मुलीकडे बघ जरा. तिला बाप नको?"

"मावशी, तुम्हाला माहीत नाही."

"अगं, मला सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "चाळीस वर्षं संसार केलाय मी."

माझ्या चाळीस वर्षांत इनासनी माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही. मला काय माहीत असणार, कप्पाळ! पण ते वाक्य मी असं ठासून म्हटलं की ती पुन्हा बोललीच नाही. सकाळी तिने पिशवी भरली.

निघताना ओट्यावर तिघं उभी राहिली. प्रशांतचा हात मनीषाच्या खांद्यावर. अन्वी दोघांच्या मध्ये. अन्वी हसेना, मनीषा हसेना. मी अंगणातून ओरडले, "हस की गं मनीषा! किती दिवसांनी एकत्र आलात!" ती हसली. आई हसली म्हणून पोरही हसलं. मी फोटो टाकला आणि खाली माझ्या दोन ओळी: "रुसवा गेला, हसू आलं. आमच्या घरातून कुणी रडत जात नाही." सत्तर जणांनी हात जोडले, फुलं पाठवली. मी दिवसभर फोन उघडून ते बघत होते.

हिराबायला कळलं तेव्हा तिने टोपली खालीसुद्धा ठेवली नाही. "तू तिला पाठवलीस? कोन समजतेस तू स्वतःला, फादर?" म्हणाली आणि त्या दिवशी मासे न देताच गेली. पुढे आठवडाभर ती आमच्या दारावरून सरळ पुढे जात असे.

सात महिन्यांनी मनीषाचा फोन आला. आवाज ओळखू येईना. ती नालासोपाऱ्याला बहिणीकडे होती. घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस बरे गेले, मग काय झालं ते तिने मला सांगितलं. ते मी लिहिणार नाही, तिचं आहे. या वेळी ती एकटीच बाहेर पडू शकली. मुलगी शाळेत होती, तिला प्रशांतने शाळेतूनच नेलं.

"अन्वी त्यांच्याकडे आहे, मावशी. मी कोर्टात गेलेय. ते म्हणतात, घरात कधी काही झालंच नाही, मलाच घर सोडून जायची सवय आहे. तुम्ही माझा हात बघितला होता. तेवढं सांगाल?"

तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. मी हो म्हटलं. इनास म्हणाले, "आपला पाहुण्यांचा धंदा, कोर्टाच्या पायऱ्या कशाला?" मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तारखेच्या दिवशी तेच रिक्षा घेऊन दारात उभे होते.

साक्षीला उभी राहिले. तिच्या वकीलबाईंनी विचारलं, मी सांगितलं. बाही, दंड, मनगट, बोटं, सगळं. माझा आवाज चर्चमध्ये वाचन करून तयार झालेला आहे, शेवटच्या बाकापर्यंत गेला असेल. मला वाटलं, चला, एवढं तरी नीट झालं.

मग त्याचे वकील उठले. सभ्य माणूस, मला "मावशी"च म्हणाले. त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. रंगीत, चांगला मोठा करून छापलेला. ओटा, तिघं जण, खाली माझ्या दोन ओळी.

"हा फोटो कुणी काढला?"

"मी."

"खाली लिहिलंय ते कुणी लिहिलं?"

"मीच."

"फोटोत सगळे हसताहेत, बरोबर?"

"हो, पण मीच हस म्हटलं होतं तिला."

"हिलाच म्हटलं होतं, की सगळ्याच पाहुण्यांना म्हणता?"

"सगळ्यांनाच म्हणते."

"म्हणजे नेहमीसारखाच. त्यात वेगळं असं काही नव्हतं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलायचं होतं? की तो नेहमीसारखा नव्हता, आणि ते मला तेव्हाच दिसलं होतं? मग दिसलं असताना तुम्ही तिला त्याच्या गाडीत का बसवलंत, हा पुढचा प्रश्न मलाच ऐकू येत होता. मी कागद परत दिला. जजसाहेबांनी सांगितलं आणि टायपिस्टने लिहून घेतलं: "हे म्हणणे खरे आहे की, फोटोमध्ये सर्वजण हसत आहेत. हे म्हणणे खरे आहे की, सदर फोटो मी नेहमीप्रमाणे काढला." माझं हाताचं सांगणंही वर लिहिलेलं होतं. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा कागद नव्हता, आणि जे हसू मीच मागून घेतलं त्याचा रंगीत होता. त्यांनी बोट दाखवलं तिथे मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात मी मनीषाचे हात धरले. "मला माफ कर गं. मी तुझं वाटोळं केलं." तिने हात सोडवून घेतले नाहीत, पण म्हणाली, "मावशी, माझ्या आईकडेही जाता आलं असतं मला. पण आईने परत पाठवलं असतं, म्हणून तुमच्याकडे आले होते."

त्या दिवशी घरी येऊन मी तो ग्रुप बंद केला. दोन दिवस लोक विचारत होते, मावशी बऱ्या आहात ना. चर्चमधला वर्गही सोडला. फादरांनी कारण विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. पाहुणे अजून येतात, त्यांना विहिरीची जाळी आणि वरणभात पुरतो. बायका एकट्या दिसल्या तर मी आता त्यांच्याकडे नीट बघते, आणि त्यांनी काही सांगितलं तर मध्ये बोलत नाही. इतकं शिकायला मनीषाची पोर तिच्या हातून जावी लागली.

केस चालूच आहे. निकाल लागेपर्यंत अन्वी बापाकडे, कारण शाळा तिथली, कराडची आजी आता त्याच्या घरात. आईने महिन्यातून दोन शनिवार मुलीला भेटायचं, एक ते चार. पण कुठे? तिच्या बहिणीकडे तो पाठवेना, त्याच्या घरी ती जाईना. तेव्हा त्याच्याच वकिलांनी सुचवलं, मुलीच्या ओळखीची जागा आहे, कुटुंबांसाठीच चालवतात, मावशी विश्वासाच्या आहेत. मनीषाने क्षणभर डोळे मिटले आणि हो म्हटलं. मुलगी दिसणार असेल तर ती स्मशानातही आली असती.

तेव्हापासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी माझ्याकडे ही माणसं येतात. प्रशांत फाटकाबाहेर गाडीत बसतो. अजूनही मला नमस्कार करतो. मी विहिरीकडच्या खोलीपुढे चटई घालून देते, डबा नको म्हणून सांगितलंय, जेवण मीच करते. पहिला अर्धा तास पोर आईशी बोलत नाही, नखं कुरतडत बसते. मग मनीषा तिचे केस सोडते, तेल लावते, नवी वेणी घालते. वेणी संपेपर्यंत पोर बोलायला लागते आणि मग थांबत नाही. वर्गातल्या मैत्रिणी, मांजर, कुणाचा दात पडला, सगळं. मी आत भाजी चिरत ऐकते. तीनला दोघी खळखळून हसतात, कुणीही न सांगता.

कागदावर असं ठरलंय की वेळ झाली की घरमालकिणीने सांगायचं. बापाने आत यायचं नाही, आईने बाहेर जायचं नाही, मध्ये मी. चार वाजले तरी मी काहीतरी काम काढते. घासलेली भांडी पुन्हा घासते, वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालते. बाहेर हॉर्न वाजतो. मी ऐकू न आल्यासारखं करते. दुसरा वाजतो. मग इनास म्हणतात, "जा, उगाच तिला पुढच्या वेळी त्रास नको."

वीस वर्षांत या अंगणात माझ्याकडे धावत न आलेलं मूल मला आठवत नाही. अन्वीही यायची. आता मी स्वयंपाकघरातून निघून विहिरीच्या कडेने येताना दिसले, की ती बोलता बोलता मध्येच थांबते, आईच्या मांडीवरून उठते आणि चपला घालायला लागते.